भूमध्य समुद्रावरील जहाज-सहल : निघण्यापूर्वी, जहाजावर आणि परतल्यावर घ्यावयाची आरोग्याची काळजी

रायपूरपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. गुढियारीसारख्या रेल्वेमार्गालगतच्या वस्तीतील पुष्कळ कुटुंबांनी समुद्र पाहिला असेल तो पुरीस किंवा मुंबईस, आणि तोही किनाऱ्यावर उभे राहून. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांची गोष्टही याहून निराळी नाही. परंतु आता मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात नोकरी करतात आणि वडिलांची निवृत्ती वा आई-वडिलांच्या विवाहाचा चाळिसावा वाढदिवस यांचे निमित्त साधून त्यांना भूमध्य समुद्रावरील क्रूझला पाठवतात. बार्सिलोना, जेनोआ किंवा रोमजवळील चिविटावेक्किया येथून जहाज निघते, नेपल्स, पालेर्मो, अथेन्सजवळील पिरेअस, सँटोरिनी, तुर्कस्तानातील कुशादासी अशा बंदरांना लागते आणि आठवडाभराने परत येते. साठी ओलांडलेल्या जोडप्याचा हा बहुधा पहिलाच सागरी प्रवास असतो.

हे पत्रक अशा कुटुंबांसाठी आहे. सहलीस जाऊ नये असे त्यात कोठेही सुचविलेले नाही. नियंत्रणात असलेला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गुडघेदुखी घेऊनही असा प्रवास सुखाने करता येतो. मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. या प्रवासात साध्या आजाराचे संकट होते ते बहुतेक वेळा तो लपविल्यामुळे. कोणी विम्याच्या अर्जात मधुमेह लपवितो, कोणी मुलांपासून छातीतील दुखणे लपवितो, तर कोणी जहाजावर खोलीत बंद व्हावे लागेल या भीतीने जुलाब लपवितो. या तिन्ही प्रसंगी काय घडते ते समजून घेतल्यास पुढील सूचनांचे प्रयोजन आपोआप ध्यानात येईल.

जहाज : पाण्यावरील बंद वस्ती

मोठ्या क्रूझ जहाजावर तीन ते पाच हजार प्रवासी आणि त्यांच्या सेवेसाठी हजाराहून अधिक कर्मचारी असतात. इतकी माणसे एकाच स्वयंपाकघरातील अन्न खातात, त्याच जिन्यांचे कठडे धरतात, त्याच लिफ्टची बटणे दाबतात. शहरात आजारी मनुष्य घरी पडून राहतो. जहाजावर त्याचे घर, भोजनगृह, नाट्यगृह आणि जलतरण तलाव सारे एकाच छपराखाली असते. त्यामुळे एकाचा संसर्ग काही दिवसांत शेकडो जणांपर्यंत पोहोचू शकतो.

भूमध्य समुद्रकाठच्या शहरांना ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. १३७७ साली रागुसा नगराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने, साथीच्या गावांहून येणाऱ्यांना ३० दिवस नगराबाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसमध्ये हा काळ ४० दिवसांचा झाला आणि 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द जगभर गेला. दुब्रोव्हनिकला जहाज लागलेच, तर तटाबाहेरील जुन्या विलगीकरणाच्या इमारती आपणांस आजही पाहता येतील. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा त्याचा माग बंदराकडेच लागला होता, आणि दुसऱ्याच वर्षी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला.

अलीकडची उदाहरणे आपल्या स्मरणात असतील. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा येथे डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज विलगीकरणात ठेवण्यात आले. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविडची बाधा झाली. त्या जहाजावर भारतीय कर्मचारीही मोठ्या संख्येने होते. कर्मचारी व प्रवासी मिळून ११९ भारतीयांना २७ फेब्रुवारी रोजी विशेष विमानाने दिल्लीस आणण्यात आले. जानेवारी २०२२ च्या आरंभी मुंबईहून गोव्यास गेलेल्या एका क्रूझवर सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली, तीत ६६ जण बाधित आढळले आणि जहाजास प्रवाशांसह मुंबईकडे परतावे लागले. नववर्षाच्या सुटीसाठी निघालेल्या कुटुंबांची सुटी बंदरात नांगरलेल्या जहाजावरच संपली.

आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांनुसार, जहाजावर संसर्गजन्य आजाराचा संशय असल्यास कप्तानास त्याची माहिती पुढील बंदरास द्यावी लागते, आणि ती पाहून बंदराचे आरोग्य अधिकारी प्रवाशांना उतरू द्यावयाचे की नाही हे ठरवितात. जहाजाच्या स्वच्छतेची तपासणी होऊन त्यास सहा महिन्यांच्या मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. म्हणजे व्यवस्था आहे. ती चालते मात्र प्रवाशाने वेळेवर दिलेल्या खऱ्या माहितीवर.

उलट्या आणि जुलाब : सर्वांत अधिक आढळणारी साथ

क्रूझ जहाजांवरील उलट्या-जुलाबांच्या साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. त्याचे अगदी थोडे कणही आजार उत्पन्न करण्यास पुरेसे होतात. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत एकाएकी उलट्या, पातळ जुलाब, पोटात कळा आणि कधी सौम्य ताप येतो. निरोगी प्रौढ व्यक्ती एक ते तीन दिवसांत बरी होते. वृद्ध, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणारे यांच्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने कमी होऊ शकते. त्यांच्यासाठी हा आजार किरकोळ नव्हे.

या विषाणूची एक खोड प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. भोजनगृहाच्या दाराशी ठेवलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्यावर फारसे परिणामकारक नसते. हात साबण आणि वाहत्या पाण्याने, बोटांच्या बेचक्यांसह, किमान २० सेकंद धुणे हाच विश्वासार्ह उपाय आहे. आपण हाताने जेवतो. बुफेतील ज्या डावास आपल्या आधी शंभर जणांचे हात लागले, तो डाव धरून ताट वाढून घ्यावे आणि त्याच हाताने पहिला घास घ्यावा, हा क्रम टाळलाच पाहिजे. ताट मेजावर ठेवून हात धुवून यावे आणि मग जेवावयास बसावे. हे थोडे अडचणीचे वाटेल, परंतु घरी आजी-आजोबांनी लावलेले वळण येथे कोणत्याही औषधाहून अधिक उपयोगी पडते.

जुलाब सुरू झाल्यास जहाजावरील दवाखान्यास खोलीतील दूरध्वनीवरून तत्काळ कळवावे. डॉक्टर आपणांस खोलीतच राहण्यास सांगतील. लक्षणे थांबल्यानंतरही साधारण ४८ तास इतरांत मिसळू नये असा सर्वसाधारण नियम आहे. नेमका याच नियमाच्या धाकाने लोक आजार लपवितात. पैसे भरले आहेत, उद्या अथेन्स आहे, पुन्हा येणे होणार नाही, हा विचार स्वाभाविक आहे. तरीही दुसरी बाजू पाहावी. आपली खोली झाडणारा, चादरी बदलणारा कर्मचारी हा गोव्याचा, कोकणचा किंवा मुंबईचा असण्याचीही पुष्कळ शक्यता असते. आपण आजार लपविल्यास आपले न्हाणीघर तो नेहमीच्या पद्धतीने स्वच्छ करील. कळविल्यास विषाणूनाशक द्रावण व हातमोजे वापरून करील. त्याला बाधा झाल्यास ती त्याच्यापुरती राहत नाही, कारण तो दिवसाला अनेक खोल्यांत वावरतो. शिवाय आजार कळविलेल्या प्रवाशास जेवण, पाणी आणि औषध खोलीत पोहोचते. लपविणारा प्रवासी बसमधून उन्हात फिरत असतो आणि चक्कर येऊन अनोळखी शहराच्या रस्त्यावर पडतो.

जलसंजीवनीची पाकिटे घरूनच न्यावीत, माणशी सहा ते आठ पुरेत. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे. पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट द्यावे. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. जुलाब बंद करणारी गोळी किंवा प्रतिजैविक औषध मनाने घेऊ नये. विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. लघवी कमी होणे, जीभ कोरडी पडणे, ग्लानी येणे किंवा शौचात रक्त दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवावे.

विम्याचा अर्ज आणि घरातील मौन

जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर व परिचारिका असतात. हृदयाचा आलेख, काही रक्ततपासण्या, सलाईन, प्राणवायू, हृदयविकाराच्या झटक्यावरील प्राथमिक उपचार एवढे तेथे होऊ शकते. मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळचा अतिदक्षता उपचार होत नाही. तशी वेळ आल्यास रुग्णास पुढील बंदरात उतरवितात किंवा हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर नेतात. हवामान वाईट असेल तर तेही लांबते. दवाखान्यातील प्रत्येक भेटीचे शुल्क प्रवाशाच्या खात्यावर पडते, ते आपल्याकडील खासगी रुग्णालयांहूनही जड असू शकते, आणि ते आधी भरून मग विमा कंपनीकडे मागावे लागते.

आयुष्मान कार्ड परदेशात चालत नाही. ७० वर्षांवरील सर्व ज्येष्ठांना मिळणारे संरक्षणदेखील भारतातील संलग्न रुग्णालयांपुरते आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास-विमा सक्तीचा असतो, त्यामुळे 'विमा काढलेला आहे' असे समजून घरातील सारे निर्धास्त होतात. येथे दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. विमा क्रूझ प्रवासास आणि जहाजावरून किनाऱ्यावर हलविण्याच्या खर्चास लागू आहे का. आणि तुर्कस्तान, इजिप्त, ट्युनिशिया यांसारखे शेंगेनबाहेरील देश त्यात येतात का. प्रवासी कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडी 'सगळे येते' असे सांगितले तरी पॉलिसीच्या कागदावर ते वाक्य बोट ठेवून दाखविण्यास सांगावे.

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे अर्जातील पूर्वीच्या आजारांचा रकाना. हप्ता वाढेल म्हणून तेथे 'नाही' लिहिण्याचा मोह होतो. कधी तो मोह मुलांचा असतो, कधी दलालाचा. आई-वडिलांना ठाऊकही नसते. आठ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या मनुष्यास पालेर्मोच्या रुग्णालयात दाखल केल्यावर तेथील डॉक्टर पहिल्याच तासात ती नोंद करतात. विमा कंपनी ती नोंद पाहते आणि दावा नाकारू शकते. वाचविलेला हप्ता काही शे किंवा काही हजार रुपयांचा. परदेशातील रुग्णालयाचे देयक लाखांचे. ज्यांनी प्रेमाने सहल घडविली त्याच मुलांवर ते येते.

आई-वडिलांनी मुलांपासून लपविलेले दुखणे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होणे, अलीकडे वाढलेली धाप, पायांवर येणारी सूज, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे या गोष्टी 'मुले सहल रद्द करतील' म्हणून सांगितल्या जात नाहीत. प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, हमर अस्पतालात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी आणि हे सारे सांगावे. आवश्यकता वाटल्यास ते आपणांस डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात किंवा टाटीबंध येथील एम्समध्ये पाठवतील. इतक्या आधी गेल्यास औषध बदलून त्याचा परिणाम पाहण्यास अवधी मिळतो. निघण्याच्या आदल्या दिवशी केवळ प्रमाणपत्रासाठी केलेली भेट उपयोगाची नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असल्यास तज्ज्ञांचा लेखी सल्ला घ्यावा. डायलिसिस, प्राणवायू किंवा चाकांची खुर्ची लागत असल्यास ते तिकीट काढतानाच जहाज कंपनीस कळवावे. गरोदरपणाचे २४ आठवडे झालेल्या स्त्रियांना आणि सहा महिन्यांखालील बालकांना अनेक जहाज कंपन्या प्रवेश देत नाहीत.

याच भेटीत लसींविषयी विचारावे. साठीपुढील व्यक्ती, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी इन्फ्लुएंझाची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. मुलांचे गोवरासह नियमित लसीकरण पूर्ण असावे. युरोपातही गोवराच्या साथी येतात. भूमध्य समुद्राच्या या देशांसाठी पीतज्वराची लस लागत नाही, तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

औषधांची पिशवी

नेहमीची औषधे प्रवासाच्या दिवसांहून किमान आठवडाभर अधिक घ्यावीत आणि ती विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावीत. रायपूरहून मुंबई वा दिल्लीमार्गे जाताना मोठे सामान मागे राहण्याचा संभव असतो, आणि जहाज त्या सामानासाठी थांबत नाही. गोळ्या मूळ वेष्टनातच असू द्याव्यात. सकाळ-संध्याकाळच्या कप्प्यांची डबी सोयीची खरी, पण सीमाशुल्क अधिकाऱ्यास किंवा परक्या डॉक्टरास तीतील पांढऱ्या गोळीवरून काहीच कळत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, छापील किंवा सुवाच्य चिठ्ठी घ्यावी. कंपनीने दिलेली आपल्याकडील नावे तिकडे कोणी ओळखत नाही.

काही औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके व खोकल्याची औषधे, तसेच झोपेच्या गोळ्या काही देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. इजिप्तमध्ये ट्रामाडॉलच्या गोळ्या बाळगल्याबद्दल २०१७ साली एका ब्रिटिश पर्यटक महिलेस अटक होऊन तीन वर्षांची शिक्षा झाली होती. गुडघेदुखीसाठी शेजाऱ्याने दिलेली पट्टी पिशवीत टाकण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, हे सांगण्याचे कारण इतकेच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते विमानाच्या सामानकक्षात कधीही टाकू नये. तेथे ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास, तर ग्रीस व तुर्कस्तानचे अडीच तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवाव्यात याचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. एकादशीचा उपवास असेल आणि त्याच दिवशी पाच तासांची पायपीट असेल, तर रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका आहे. त्या दिवशी उपवास करू नये हे उत्तम. खिशात खडीसाखर असावीच.

फराळाविषयी थोडे. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे, म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई नेऊ नये. कोरडा चिवडा, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या चालण्यासारख्या आहेत. मात्र घरचे खाद्यपदार्थ जहाजावर नेता येतात का, हे कंपनीस आधी विचारावे.

बोट लागणे

मोठी जहाजे स्थिर राखण्याची यंत्रणा बाळगून असतात, त्यामुळे बहुतेक दिवस आपण पाण्यावर आहोत हे जाणवतही नाही. तरी जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या बेटांभोवती उत्तरेचे जोरदार वारे वाहतात आणि तेव्हा अनेकांना बोट लागते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी आधीच तयारी ठेवावी. खोली जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी, तेथे हेलकावा कमी असतो. मळमळू लागल्यास उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे, मोबाइल व वाचन बंद करावे, पोट रिकामे ठेवू नये. आल्याची वडी चघळल्याने काहींना आराम वाटतो. प्रोमेथाझीन, सिनारिझीन यांसारख्या गोळ्या हेलकावे सुरू होण्याच्या सुमारे एक तास आधी घेतल्यास उपयोगी पडतात, मागाहून कमी. त्यांनी गुंगी येते. काचबिंदू असलेल्यांनी, लघवी अडण्याचा त्रास असलेल्या वृद्धांनी आणि झोपेची औषधे घेणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळी घेऊन रात्री न्हाणीघरात जाताना कठडा धरावा. हेलकावणाऱ्या जहाजावर पडून मोडलेले खुब्याचे हाड सहल तर संपवितेच, पुढील कित्येक महिनेही घेते.

किनाऱ्यावरील दिवस

रायपूरचा मे महिना सोसलेल्यांना युरोपच्या उन्हाचे काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आपण मे महिन्याच्या दुपारी घरात असतो. सहलीत मात्र नेमके दुपारी उघड्या अवशेषांमधून चालतो. जुलै २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस दुपारच्या वेळी पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले होते. टोपी, सुती सैल कपडे, माणशी एक लिटर पाणी आणि सावलीतील विश्रांती यांत काटकसर करू नये. रोममधील रस्त्यांवर अखंड वाहणाऱ्या सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यायोग्य असते. इजिप्त व तुर्कस्तानात मात्र सीलबंद बाटलीतील पाणी घ्यावे आणि बर्फ व कापून ठेवलेली फळे टाळावीत.

सँटोरिनीस जहाज धक्क्यास लागत नाही. छोट्या होडीने किनारा गाठावा लागतो, आणि जुन्या बंदरापासून गावापर्यंत जवळजवळ ६०० पायऱ्या आहेत. तेथे केबल कार आहे. रांग लांब असली तरी गुडघ्यांच्या व हृदयाच्या रुग्णांनी तिच्यातूनच जावे. होडीत पाय टाकताना कर्मचाऱ्याचा हात धरण्यात कमीपणा मानू नये. गटातील कोणास विस्मरणाचा त्रास असल्यास त्यांच्या खिशात जहाजाचे नाव, बंदराचे नाव आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. युरोपीय संघातील देशांत आणि तुर्कस्तानात आपत्कालीन मदतीचा क्रमांक आपल्याकडील प्रमाणेच ११२ आहे.

सुरक्षेची कवायत

जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशास आपत्कालीन जमण्याचे ठिकाण आणि जीवनरक्षक जाकीट दाखविले जाते. पूर्वी ही कवायत प्रवास सुरू झाल्यानंतर २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले. जहाजावर ४,२२९ जण होते, ३२ जणांचा मृत्यू झाला, आणि मृतांत एक भारतीय कर्मचारीही होता. त्या सायंकाळी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. सात किंवा अधिक छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वांनी ठरलेल्या जागी जमावे. चष्मा, श्रवणयंत्र आणि दोन दिवसांची औषधे असलेली लहान पिशवी रात्री उशाशी ठेवावी. लहान मुलांना पोहण्याच्या तलावाकडे एकटे सोडू नये. अनेक जहाजांवर तेथे जीवरक्षक नसतो.

परतल्यानंतर

घरी आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, कोरडा खोकला, धाप किंवा गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसल्यास त्यांस प्रवासाचा शीण समजू नये. गरम पाण्याचे फवारते टब आणि पाण्याच्या नळ्या नीट निगराणीत नसल्यास त्यांत लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून ते फुप्फुसात जातात आणि साधारण २ ते १० दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, न्यूमोनिया उत्पन्न करतात. वृद्ध आणि धूम्रपान करणारे यांना त्याचा धोका अधिक. हा आजार नेहमीच्या काही प्रतिजैविकांना दाद देत नाही. योग्य औषध लवकर मिळाल्यास मात्र बरा होतो. पण रायपूरमधील डॉक्टरांसमोर खोकणारा रुग्ण दहा दिवसांपूर्वी इटलीजवळच्या जहाजावर होता हे त्यांना कसे कळणार? ते आपणच सांगावयाचे आहे: जहाजाचे नाव, चढण्या-उतरण्याच्या तारखा, खोलीचा क्रमांक, गरम पाण्याच्या टबात बसला होता की नाही, आणि सोबतच्या कोणास तसाच त्रास आहे का. जहाजाचे तिकीट व प्रवासाचा तक्ता म्हणून महिनाभर तरी जपून ठेवावा. डॉक्टरांनी ही माहिती एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या जिल्हा कक्षास कळविल्यास त्याच जहाजावरून नागपूर, पुणे किंवा अन्य शहरांत परतलेल्या रुग्णांचा शोध वेळेत लागू शकतो.